संशयित कायम आमच्याच वस्तीतला का? किशोरांसाठीच्या रहस्यकथांच्या याद्यांबद्दल थोडं

एप्रिल संपत आला की व्हॉट्सअॅपवर एक यादी फिरायला लागते. ‘किशोरवयीन मुलांनी वाचायलाच हव्यात अशा रहस्यकथा आणि थरारकथा.’ कुणी शिक्षक पाठवतात, कुणी ग्रंथालयवाले, कुणी जागरूक पालक. नावं थोड्याफार फरकाने तीच. शेरलॉक होम्स, अगाथा ख्रिस्ती, फेलूदा, फास्टर फेणे, आणि शेवटी चवीला एखादं धारपांचं पुस्तक. खाली ठरलेलं वाक्य: मुलांची तर्कशक्ती वाढते.

यंदा ती यादी आली तेव्हा मी आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत बसले होते. समोर नववीतला एक मुलगा. होम्सचा मराठी अनुवाद त्याने दोन दिवसांत संपवला होता. पुस्तक परत देताना त्याने विचारलं, “ताई, ह्या सगळ्या पुस्तकांत पोलीस शेवटी त्याचं ऐकतातच का?”

प्रश्न होम्सबद्दल नव्हता, हे मला कळलं. फेब्रुवारीत तो ज्या क्लासला जातो तिथे एका मुलाचा मोबाईल हरवला. वर्गात तीसेक मुलं. दप्तरं उघडली गेली ती फक्त दोघांची, आणि दोघंही आमच्या वस्तीतले. दप्तरात काही मिळालं नाही, तरी त्यांना चौकीवर नेऊन बाकावर बसवलं. मी पोचेपर्यंत साडेतीन तास झाले होते. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 10 मी तोंडपाठ करून ठेवलंय. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, त्याला बाल पोलीस पथकाकडे किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावं लागतं, हे सगळं मी म्हणून दाखवलं. साहेब म्हणाले, “मॅडम, नुसतं विचारायला बसवलंय.” रात्री मोबाईल सापडला. ज्याचा होता त्याच्याच वडिलांच्या गाडीत, मागच्या सीटखाली. क्लासवाल्यांनी मुलाच्या आईला सांगितलं, गैरसमज झाला. माफीचा शब्द कुणाच्याच तोंडातून निघाला नाही.

फोन गेला त्या वेळी हा मुलगा फळ्यासमोर गणित सोडवत होता. सगळ्या वर्गाने पाहिलं होतं. त्याने चौकीवर हे दोनदा सांगितलं. पुस्तकात याला अॅलिबी म्हणतात आणि ती सिद्ध झाली की प्रकरण संपतं. इथे ती कुणी विचारलीसुद्धा नाही.

आता तुम्ही म्हणाल, याचा पुस्तकांच्या यादीशी काय संबंध? रहस्यकथेला कुठे जात असते? हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं उत्तर एकदाचं सविस्तर लिहून टाकावं म्हणून हा लेख.

रहस्यकथा चालते कशावर? वाचकाच्या संशयावर. लेखक आधी तुम्हाला चुकीच्या माणसाकडे वळवतो आणि शेवटी खरा गुन्हेगार काढून दाखवतो. पण चुकीच्या माणसाकडे वळवायचं तर त्याच्याविषयी तुमच्या मनात आधीच थोडा संशय असावा लागतो. तो लेखक निर्माण करत नाही. तो समाजाने आधीच तुमच्या डोक्यात भरून ठेवलेला असतो, लेखक फक्त वापरतो. म्हणून घरात चोरी झाली की नोकर, गावात खून झाला की बाहेर पाल ठोकून बसलेला भटका. एम.ए.ला आम्हाला हॉवर्ड बेकरचं 1963 सालचं ‘आउटसायडर्स’ होतं. विचलन माणसाच्या कृतीत नसतं, समाजाने त्याच्यावर मारलेल्या शिक्क्यात असतं, असं तो मांडतो. परीक्षेत मी त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं. अर्थ कळला तो चौकीच्या बाकावर.

होम्सचीच गोष्ट घ्या. ‘द स्पेकल्ड बँड’ प्रत्येक यादीत असते, कारण तिचा शेवट भन्नाट आहे. त्यात एका डॉक्टरच्या जमिनीवर रोमा लोक तळ टाकून आहेत. रोमा म्हणजे युरोपातले भटके, आपल्या भटक्या जमातींसारखेच कायम संशयाखाली जगलेले. लेखक आपला संशय त्यांच्याकडे वळवतो, होम्सलाही काही काळ तेच वाटतं. शेवटी ते निर्दोष निघतात. आणि मग? मग काहीच नाही. कथेतून ते नुसते गळून पडतात. त्यांच्याविषयी आपण वाईट विचार केला हे ना होम्सला आठवतं, ना वॉटसनला, ना वाचकाला. गैरसमज झाला.

1890 च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये तर होम्स स्वतःच फसतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. बुटाच्या चिखलावरून माणूस कुठून आला हे सांगणारा हा माणूस अंदमानच्या आदिवासींविषयी जाणून घ्यायला काय करतो? कपाटातून एक गॅझेटियर काढतो आणि वाचून दाखवतो. हे लोक कुरूप, क्रूर, नरभक्षक वगैरे. एकही पुरावा तपासत नाही. छापलेलं आहे ना, मग खरं! ज्यांना नरभक्षक म्हटलं त्यांच्या बेटावर ब्रिटिशांनी 1858 मध्ये कैद्यांची वसाहत बसवली, आणि रोगराईने, गोळ्यांनी त्या जमाती संपत गेल्या. ग्रेट अंदमानी आज काही डझन उरलेत. कुणी कुणाला खाल्लं, याचा तपास होम्सने केला नाही. तर्कशक्ती वाढवायची असेल तर मुलांना हे पान उघडून विचारा: इथे होम्सचा तर्क कुठे गेला?

या साहित्यप्रकाराचे नियम लिहिणारेही होऊन गेलेत. अमेरिकेतल्या एस. एस. व्हॅन डाइनने 1928 मध्ये गुप्तहेर कथांचे वीस नियम काढले. त्यात एक असा की नोकराला खुनी दाखवू नये. वरवर पाहता किती न्यायी! पण कारण बघा. नोकरावर संशय घेणं फार सोपं असतं, आणि गुन्हेगार कसा, तोलामोलाचा माणूस हवा. म्हणजे नोकर खुनी होण्याच्याही लायकीचा नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडात रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने दहा नियम लिहिले, त्यातला पाचवा: कथेत चिनी माणूस असू नये. स्वस्त लेखक उठसूट चिनी माणसालाच खलनायक करत, त्यावरची ही खोच होती म्हणतात. असेल. पण खलनायक आणि गैरहजेरी यांच्यामधली तिसरी जागा त्याच्यासाठी कुणाला सुचली नाही, हे त्या नियमातच दिसतं.

अगाथा ख्रिस्तीचं ‘अँड देन देअर वेअर नन’ सगळ्यात जास्त शिफारस होणारं. 1939 मध्ये ते इंग्लंडात आलं तेव्हा त्याच्या नावातच काळ्या माणसांसाठीची शिवी होती. अमेरिकेने पुढच्याच वर्षी नाव बदललं, इंग्लंडला त्यासाठी 1980 चं दशक उजाडावं लागलं. पुस्तकातला एक पाहुणा पूर्व आफ्रिकेतल्या एकवीस माणसांना मरायला सोडून अन्न घेऊन निघून आलेला असतो. बाईंनी तो गुन्हाच मानलाय, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण बेटावरच्या दहाही जणांना नाव, आडनाव आहे. त्या एकवीस जणांत एकालाही नाव नाही.

मी हे सांगायला लागले की लगेच कुणीतरी म्हणतं, मग काय, पुस्तकांवर बंदी घालायची? अजिबात नाही. माझे आजोबा गिरणीत होते. रात्रशाळेत अक्षरओळख झाली आणि ती पक्की केली बाबुराव अर्नाळकरांनी. झुंजार आणि काळा पहाड ते भाड्याच्या वाचनालयातून आणायचे आणि चाळीच्या जिन्यात, दिव्याखाली बसून वाचायचे. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि ज्या मध्यमवर्गाने त्यांना कधी साहित्यात धरलं नाही तोच आज मुलं वाचत नाहीत म्हणून रडतो. आमच्या घरात वाचनाची सवय आली ती या ‘हलक्या’ पुस्तकांतून. मी त्यांच्याविरुद्ध कशी बोलेन?

फास्टर फेणेही मला आजही आवडतो. भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा काटकुळा पोरगा सायकलवर टांग मारून निघाला की मी त्याच्या मागच्या कॅरियरवर बसलेली असायचे. पण बन्याला जे जमतं ते कशाच्या जोरावर? तो कुठेही घुसतो, कुणाच्याही मागावर राहतो, मोठ्यांना उलट प्रश्न विचारतो आणि शेवटी शाबासकी मिळवतो. आमच्या वस्तीतलं पोर बंगल्याच्या कुंपणावरून उडी मारेल तर त्याची साहसकथा होत नाही, फिर्याद होते. चौकशी करण्याचा अधिकार हाही एक विशेषाधिकार असतो, हे बन्याला कुणी सांगितलं नाही. त्याला गरजच पडली नाही. फेलूदाच्या घरी श्रीनाथ चहा आणतो. सत्यजित राय यांच्या या मालिकेचे अशोक जैनांनी केलेले अनुवाद मुलं आवडीने वाचतात, वाचू देत. पण चहा आणणाऱ्याने कधी काही पाहिलं असेल का, ऐकलं असेल का? घरातलं सगळ्यात जास्त माहीत असतं ते नोकरालाच. माझी आई अकरा घरी कामाला जायची. तिच्याइतका चांगला साक्षीदार त्या सोसायटीत दुसरा नव्हता.

आणि आडनावं. सुहास शिरवळकरांनी मंदार पटवर्धन दिला, फिरोज इराणी दिला, दारा बुलंद दिला. त्यांचा आवाका इतरांपेक्षा मोठा होता. पण तपास करणारा कांबळे, जाधव पारधी किंवा गायकवाड मातंग माझ्या वाचनात आला नाही. हवालदार कांबळे मात्र पुष्कळ भेटले. ते सॅल्यूट मारतात आणि जीप काढतात.

बोटांच्या ठशांचं मुलांना फार आकर्षण असतं. आमच्या पोरांनीही टाल्कम पावडर लावून काचेवरचे ठसे उठवले. तेव्हा मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. ठशांचं वर्गीकरण करण्याची जी पद्धत जगभर ‘हेन्री पद्धत’ म्हणून गेली ती कलकत्त्यात बनली. तिथे 1897 मध्ये ठशांचं कार्यालय निघालं. पद्धतीमागची डोकेफोड अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांची, नाव लागलं साहेबाचं. दुसरी गोष्ट अशी की 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. अख्ख्या जातीच्या जाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. 1911 च्या सुधारित कायद्याने त्या जमातींच्या नोंदवलेल्या माणसांचे ठसे घेण्याची सोय झाली. म्हणजे पुस्तकात गुन्हा घडतो आणि मग ठसा घेतात. इथे ठसा आधी, गुन्हा घडो न घडो. कायदा 1952 च्या ऑगस्टअखेर गेला, पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी घेतली. आजही कुठे घरफोडी झाली की पारध्यांच्या पालांवर पहाटे जीप जाते. तुरुंगांचे सरकारी आकडे पाहा. 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जाती 16.6 टक्के, आणि कच्च्या कैद्यांत साधारण पाचातला एक आमचा.

आता थोडं आपल्या लोकांशी. अभ्यासिकेत मी रहस्यकथांचा कप्पा लावला तेव्हा आपल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने हरकत घेतली. “पोरांना बाबासाहेबांचे खंड द्यायचे सोडून हे काय खून-दरोडे?” त्यांचा आदर ठेवून सांगते, दादा, तुम्ही बाबासाहेबांचे खंड कपाटात नीट लावलेत, पण ‘द अनटचेबल्स’ पुन्हा उघडून पाहा. 1948 चं पुस्तक. त्यात एक कोडं आहे: अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? मग बाबासाहेब जुन्या दोन संशयितांना पुढे बोलावतात. पहिला, वंशभेद. त्याच्यासाठी ते नाकांच्या मापांची आकडेवारी काढतात आणि त्याला निर्दोष सोडतात. दुसरा, व्यवसाय, म्हणजे घाणेरडी कामं. तोही पुराव्यावर टिकत नाही. मग ते खऱ्या मागावर निघतात. वाताहत झालेली माणसं, बौद्धांविषयीचा द्वेष, गोमांस. आणि घटनेची वेळसुद्धा ठरवतात, इसवी सन 400 च्या सुमाराची. प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच सांगितलंय की दुवे तुटलेले असतील तर इतिहासकाराने तर्काने आणि कल्पनेने ते जोडायला हवेत, आणि आपला निष्कर्ष अंतिम आहे असा आपला दावा नाही. याला तपास नाही तर काय म्हणायचं? ज्याला चांगली रहस्यकथा वाचायची सवय आहे ते पोर हे पुस्तक घाबरून मिटणार नाही. पुढचं प्रकरण काय, म्हणून पान उलटेल.

तसाच एक तपास आपल्या काळातला. पत्रकार सुकन्या शांता यांनी राज्याराज्यांच्या तुरुंगांची नियमावली उघडून पाहिली आणि झाडू कुणाच्या हातात, पळी कुणाच्या हातात हे तिथे जातीने ठरतं, हे बाहेर काढलं. त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 ला ते नियम घटनाबाह्य ठरवले. यात ना धुकं आहे, ना पाइप ओढणारा हुशार माणूस. आमच्या पोरांनी तो किस्सा मला दोनदा सांगायला लावला.

मग मी काय देते? नुसतं टीका करून मोकळं होणं सोपं असतं, म्हणून सांगते. सातवी-आठवीला एरिक केस्टनरचा एमिल. 1929 चं जर्मन पुस्तक. केस कापून, धुऊन पोट भरणाऱ्या विधवेचा मुलगा, रेल्वेत त्याचे पैसे चोरीला जातात. तो पोलिसांकडे जात नाही, कारण पुतळ्याला रंग फासल्याची धास्ती त्याच्या मनात आहे. बर्लिनची पोरं जमतात आणि चोर पकडतात. नोटा एमिलच्याच हे सिद्ध होतं टाचणीच्या भोकांवरून, कारण त्याने त्या कोटाच्या अस्तराला टाचल्या होत्या. पोलिसांना भिणारा नायक पाहून आमच्या पोरांना किती हायसं वाटलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

व्हर्जिनिया हॅमिल्टन या कृष्णवर्णीय लेखिकेचं ‘द हाउस ऑफ डाइज ड्रिअर’ (1968) मी इंग्रजीतून वाचते आणि मराठीत सांगते. तेरा वर्षांचा काळा मुलगा, इतिहास शिकवणारा बाप, ओहायोतलं भुयारांचं घर. पळालेल्या गुलामांना लपवायची ती जागा. रहस्य उलगडत जातं तसा स्वतःच्या लोकांचा इतिहास हाती लागतो. 1969 मध्ये याला रहस्यकथांचा एडगर पुरस्कार मिळाला, तरी आपल्या याद्यांत ते कधी येत नाही.

दहावीच्या पुढच्यांना दीपा अनप्परा यांचं ‘जिन पॅट्रोल ऑन द पर्पल लाइन’ (2020). झोपडवस्तीतला नऊ वर्षांचा जय, त्याच्याहून हुशार परी आणि फैज. वस्तीतली मुलं बेपत्ता होतायत आणि पोलीस बुलडोझरची धमकी देतात. टीव्हीवरचे पोलिसांचे कार्यक्रम बघून जय गुप्तहेर व्हायला निघतो. संशय येतो तो मुसलमानांवर, फैजचा भाऊ आत जातो. पुस्तक कठोर आहे, सुखाचा शेवट नाही, म्हणून लहानांना देत नाही. एडगर यालाही मिळाला, 2021 ला.

होम्सही देते. पण त्यातली ‘द यलो फेस’ आधी. तिथे त्याचा तर्क सपशेल चुकतो आणि तो ते कबूल करतो. कशाविषयी चुकतो ते सांगत नाही, वाचा. गोऱ्या-काळ्याशी संबंध आहे एवढंच.

आणि आपले. अण्णाभाऊंचा ‘फकिरा’ 1959 चा. खजिन्यावरची धाड, पाठलाग, फितुरी, सगळं आहे. मांगांवरची हजेरीही आहे, ठशांचं प्रकरण ऐकलेल्या पोराला ती लगेच कळते. त्याला कुणी थरारकथा का म्हणत नाही? तो अभ्यासक्रमात असतो, जयंतीच्या बॅनरवर असतो, सुट्टीत वाचायच्या यादीत नसतो. आणि बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’. 1963 चा संग्रह. रेल्वेत कामाला लागलेला माणूस जात लपवून खोली मिळवतो, आणि पानापानावर एकच प्रश्न: आता कळेल का? आत्ता कळेल का? मराठीत याहून जीवघेणा सस्पेन्स मला माहीत नाही. चोरी झालीये, चोर समोर आहे आणि चोरलं काय तर स्वतःचीच जात. ती वाचून झाल्यावर अभ्यासिकेतली एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझा दादा पुण्यात रूम बघताना हेच करतो.”

याद्या करणाऱ्यांना एवढंच विचारायचंय. शंभर पुस्तकं निवडताना तुम्ही किती वस्त्यांत जाऊन आलात? आणि आपल्यातल्या लिहित्या मित्रांना थोडं रागावून: आत्मकथनं पुष्कळ झाली, ती हवीच होती. पण आपल्या पोरांसाठी एक साधी, वेगवान, दोनशे पानांची तपासकथा लिहायला आपल्याला कमीपणा का वाटतो?

त्या नववीतल्या मुलाने सुरुवात केलीये. शंभरपानी वहीत सतरा पानं झालीत. क्लासमधून फोन चोरीला जातो, इथून गोष्ट सुरू होते. त्याच्या गुप्तहेराला अजून आडनाव नाही. मी दोन-तीन सुचवली, तर म्हणाला, “थांबा ताई, आडनाव लावलं की लगेच कुणावर संशय घ्यायचा ते लोकांना कळतं.” रविवारी पुढची पानं आणणार आहे.